त्रेसष्टावे पर्सेंटाइल आणि तेवीसची रेषा

धाकट्या भावाच्या आरोग्य तपासणीच्या कागदावर बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय, २३.२ आणि त्याखाली ‘पर्सेंटाइल ६३, वजन योग्य’ असे छापून आले होते. माझ्या कागदावर बीएमआय २३.१ होता, पण पर्सेंटाइलची ओळच नव्हती. तेथे ‘सामान्य’ एवढा एक शब्द होता. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहतो, तेथे कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी भरवलेल्या शिबिरात आम्हा दोघांची तपासणी झाली होती. मी तेवीस वर्षांचा आणि भाऊ साडेअठरा वर्षांचा. दोघांचा आकडा जवळजवळ सारखा असताना एकाला पर्सेंटाइल मिळावे आणि दुसऱ्याला मिळू नये, याचा उलगडा करण्याच्या खटपटीत मला जे समजले, ते येथे नीट मांडण्याचा विचार आहे, कारण अठरा ते चोवीस या वयातील मुलांच्या हातात असे कागद पडतात आणि त्यांचा अर्थ सांगायला सहसा कोणी थांबत नाही.

घरात पहिला अर्थ आईने लावला. “त्रेसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासच की,” असे म्हणून तिने कागद फ्रिजवर ठेवला. भावाचा अर्थ वेगळा होता. त्याने सीईटी दिलेली असल्यामुळे पर्सेंटाइल हे शेकडा गुण नव्हेत, हे त्याला ठाऊक होते. पण सीईटीत पर्सेंटाइल जितके वर तितके चांगले, ही सवय त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. “दादा, त्रेसष्ट म्हणजे अजून वाढवायला वाव आहे,” असे तो अगदी गंभीरपणे म्हणाला. तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे आणि अंग भरलेले दिसावे ही त्याची इच्छा आहे, हे लक्षात घेतले तर त्याचे म्हणणे निव्वळ विनोदाचे नव्हते.

अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या गणितात मी चतुर्थक, दशमक आणि शतमक, म्हणजेच पर्सेंटाइल, शिकलो होतो, त्यामुळे मूळ कल्पना मला परकी नव्हती. भावाच्या वयाची आणि मुलगेच असलेली शंभर मुले बीएमआयच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर त्यातील त्रेसष्ट मुलांचा आकडा त्याच्यापेक्षा कमी निघेल, एवढेच ते ६३ सांगते. त्यात गुणवत्ता नाही आणि रोगही नाही. फक्त रांगेतील जागा आहे. ती जागा चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी कोणीतरी रांगेवर खुणा केलेल्या असतात. शिबिरातील संगणकाने ज्या तक्त्याचा आधार घेतला होता, तो अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा २००० सालचा वाढीचा तक्ता होता, असे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले होते. त्या तक्त्यात पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली कमी वजन, पाच ते पंच्याऐंशीच्या आत योग्य वजन, पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या आत जास्त वजन आणि पंच्याण्णव किंवा त्यावर लठ्ठपणा, अशी विभागणी आहे. म्हणजे सीईटीत जे पंच्याण्णव पेढे वाटायला लावते, तेच येथे डॉक्टरांकडे पाठवते.

मला पर्सेंटाइल का मिळाले नाही, याचे उत्तरही त्याच तळटिपेत होते. तो तक्ता २ ते २० वर्षे वयासाठीच आहे. वाढत्या वयात उंची, हाडे, स्नायू आणि चरबी यांचे प्रमाण सतत बदलत असते, त्यामुळे बारा वर्षांच्या आणि अठरा वर्षांच्या मुलाला एकच आकडा लावता येत नाही आणि म्हणून वयानुसार तुलना करावी लागते. वीस वर्षे पूर्ण झाली की माणूस मोठा झाला असे धरले जाते आणि तेथून पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या ठरलेल्या रेषा लागू होतात: १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. या रेषा एकवीस वर्षांच्या मुलाला आणि साठ वर्षांच्या गृहस्थाला सारख्याच लागतात.

येथवर सगळे सरळ वाटले. पुढे जाण्यापूर्वी मात्र मोजमाप पुन्हा करून घेणे मला आवश्यक वाटले, कारण शिबिरात उंची मोजताना भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीपुढे लोकांना बुटांसकट उभे केले जात होते आणि रांग मोठी असल्यामुळे कोणी कोणाला थांबवत नव्हते. आमच्या सैफुलच्या घरात दाराच्या चौकटीला आम्ही दोघे आलटूनपालटून पाठ लावून उभे राहिलो. टाचा, पाठीचा वरचा भाग आणि डोक्याची मागची बाजू चौकटीला लागलेली, नजर समोर, आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत, अशी उभे राहण्याची रीत आहे. डोक्यावर काटकोनात ठेवायला पुस्तकापेक्षा आईचा लाकडी पोळपाट उपयोगी पडला, कारण तो वाकत नाही. सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, म्हणून दोघांनी एकाच वेळी मोजली. भाऊ १७३ चा १७१ सेंटिमीटर झाला आणि मी १७६ चा १७४. वजने जवळपास तीच राहिली: त्याचे ६९.५ किलो, माझे ७१.५ किलो.

हा दोन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण बीएमआय काढताना किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे असते, आणि वर्ग आला की उंचीतील चूक दुप्पट होऊन उत्तरात उतरते. भावाचा बीएमआय २३.२ चा २३.८ झाला आणि पर्सेंटाइल ६३ वरून ६९ च्या आसपास गेले. माझा आकडा २३.६ झाला. भावाने एका ग्रॅमचेही वजन न वाढवता, केवळ बूट काढून, रांगेत सहा मुलांना मागे टाकले होते. पर्सेंटाइलचा आकडा छापील आणि नेमका दिसतो, म्हणून त्याला नको इतका मान मिळतो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

रांगेतील जागेचा अर्थ लावायचा असेल, तर रांगेत कोण उभे आहे हे पाहणे ओघानेच आले. सीडीसीच्या तक्त्यातील मुले अमेरिकन आहेत आणि ती १९६३ ते १९९४ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणांतून घेतलेली आहेत. त्यातही सहा वर्षांवरील मुलांच्या बाबतीत शेवटच्या सर्वेक्षणातील वजने मुद्दाम वगळली आहेत, कारण तोपर्यंत अमेरिकेतील मुले इतकी जाड झाली होती की त्यांना धरले असते तर ‘योग्य’ची व्याख्याच वर सरकली असती. हे वाचल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली: रांग गोठवलेली आहे. म्हणूनच आज अमेरिकेत पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलच्या वर पाचपेक्षा कितीतरी अधिक टक्के मुले असू शकतात; त्यात गणिताचा विरोधाभास नाही. माझ्या भावाची तुलना सोलापुरातील आजच्या मुलांशी झालेली नव्हती. त्याच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळात अमेरिकेत वाढलेल्या मुलांशी झालेली होती.

तक्त्यातील आकडे मी एक्सेलमध्ये उतरवून घेतले, कारण दिवसभर खतावण्या पाहणाऱ्या माणसाला आकडे रकान्यात बसल्याशिवाय बोलत नाहीत. वीस वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी पाचवे पर्सेंटाइल १९.१ वर, पन्नासावे २३.० वर, पंच्याऐंशीवे २७.० वर आणि पंच्याण्णवावे ३०.६ वर येते. मधल्या आकड्यापासून खाली पाचव्यापर्यंतचे अंतर चार अंकांहून थोडे कमी, तर वर पंच्याण्णवाव्यापर्यंतचे अंतर साडेसात अंकांहून जास्त, म्हणजे रांग दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नाही. खाली जायला शरीराची मर्यादा असते, वर जायला तशी नसते. याचा एक परिणाम असा की पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात; पन्नासवरून साठवर जायला बीएमआयमध्ये एका अंकाचीही वाढ लागत नाही, पण पंच्याण्णववरून सत्त्याण्णववर जायला सुमारे दीड अंक लागतो. त्यामुळे मधल्या भागात पर्सेंटाइल चटकन हलते आणि मूल घाबरते किंवा फुशारते, आणि टोकाला खरोखर बरेच वजन वाढले तरी पर्सेंटाइल जेमतेम हलताना दिसते.

दुसरी गोष्ट वयाची. सोळा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २३ असेल, तर त्या तक्त्यात तो पंच्याहत्तराव्या पर्सेंटाइलच्या वर असतो. तोच आकडा त्याने वीस वर्षांपर्यंत तसाच राखला, तर तो बरोबर मध्यावर, पन्नासाव्यावर येऊन पोहोचतो. आकडा जागचा हलला नाही, रांगच वयाबरोबर पुढे सरकली. पर्सेंटाइल घसरले म्हणजे मुलगा बारीक झाला, असा अर्थ या वयात काढता येत नाही, आणि तेच राहिले म्हणजे वजन तेच राहिले, असेही नाही.

सगळ्यात नवल वाटले ते विसाव्या वाढदिवसाचे. समजा, एका मुलाचे वय एकोणीस वर्षे अकरा महिने आहे आणि बीएमआय २६ आहे. पर्सेंटाइलच्या हिशेबाने तो पंच्याऐंशीच्या खाली, म्हणजे ‘योग्य वजन’. महिन्याभराने वीस वर्षे पूर्ण झाली की त्याला मोठ्यांची २५ ची रेषा लागते आणि तो त्याच शरीरानिशी ‘जास्त वजन’ या रकान्यात जातो. उलट बाजूला, १८.८ बीएमआय असलेला किडकिडीत मुलगा एकोणीस वर्षे अकरा महिन्यांचा असताना पाचव्या पर्सेंटाइलच्या खाली, म्हणून कमी वजनाचा. आणि विशीत पाऊल टाकताच १८.५ च्या वर असल्यामुळे सामान्य. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ५ ते १९ वर्षांसाठी जो संदर्भ तक्ता काढला, त्यात हा सांधा बराच जुळवून घेतला आहे. तेथे एकोणीसाव्या वर्षी मुलग्यांसाठी जास्त वजनाची रेषा २५.४ वर आणि लठ्ठपणाची २९.७ वर येते, म्हणजे मोठ्यांच्या २५ आणि ३० ला ती जवळजवळ भिडते. अठरा ते वीस या वयातील मुलाने आपला कागद वाचताना कोणता तक्ता वापरला आहे हे आधी पाहावे, असे मी सांगतो ते या कारणाने.

हे सगळे कागद घेऊन मी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे त्यांनी तपासण्याआधी थोडी चेष्टा करून घेतली. “अरे, ताळेबंद आणलास की आजार?” असे विचारून त्यांनी एक्सेलचा कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या चिठ्ठीवर २३ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. आपल्या लोकांसाठी रेषा येथे आहे, असे ते म्हणाले.

त्या गोलाचा इतिहास मी नंतर वाचून काढला. उंचीच्या वर्गाशी वजनाचे नाते बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने १८३० च्या दशकात दाखवले. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, लठ्ठपणा मोजायचा नव्हता. अमेरिकेचे संशोधक अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून त्याच गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या पाच देशांत अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते, भारत नव्हता. पुढे असे दिसून आले की आशियातील बऱ्याच लोकसमूहांत त्याच बीएमआयला शरीरातील चरबी जास्त असते आणि मधुमेह, रक्तदाब यांचा धोका २५ च्या बराच आधी सुरू होतो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २५ आणि ३० या रेषा कायम ठेवून आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या सावधगिरीच्या रेषा जोडल्या. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आणखी कडक भूमिका घेऊन २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असे ठरवले. मुलांच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांचे जे तक्ते प्रसिद्ध केले आणि ज्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता, त्यांत पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव या खुणांना महत्त्व देण्याऐवजी मोठ्यांच्या २३ आणि २७ ला जुळणाऱ्या रेषा वयानुसार मागे ओढून दाखवल्या आहेत. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते, कारण येथे रांगेतील जागेपेक्षा पुढे येणाऱ्या धोक्याला महत्त्व दिले आहे.

या हिशेबाने अमेरिकन तक्त्यात ‘योग्य’ ठरलेला माझा भाऊ २३.८ वर, आणि शिबिराच्या कागदावर ‘सामान्य’ असलेला मी २३.६ वर, दोघेही भारतीय रेषेच्या पलीकडे होतो. आईला हे सांगितल्यावर तिने फ्रिजवरचा कागद काढला नाही, पण शेंगाचटणीवर तेल ओतणारा हात जरा आखडता घेतला.

भावाला मात्र हे पटले नाही. रोज पहाटे होम मैदानावर धावणाऱ्या मुलाला जास्त वजनाचा म्हणणे त्याला अपमानाचे वाटले, आणि त्याच्या नाराजीतूनच या सगळ्या खटाटोपातील सगळ्यात उपयोगी भाग निघाला. त्याच्याबरोबर भरतीची तयारी करणारी मुले मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूंची आहेत. काही जण खोली करून शहरात राहतात, काही जण पहाटेच्या एसटीने येतात. एका रविवारी मी काटा आणि टेप घेऊन मैदानावर गेलो आणि जे तयार झाले त्यांची उंची, वजने लिहून घेतली. बहुतेकांचे आकडे १९ ते २१ च्या दरम्यान निघाले. खांदे रुंद, पोट आत, पिंढऱ्या दगडासारख्या. चढत्या क्रमाने नावे लावली तर माझा भाऊ शेवटून दुसरा आला. त्याच्यापुढे फक्त एक मुलगा होता, जो लहानपणापासून तालमीत जातो आणि ज्याची मान आणि डोके एकाच रुंदीचे आहे. अमेरिकन रांगेत एकोणसत्तरावा असलेला माझा भाऊ मैदानावरच्या रांगेत नव्वदीच्या पुढे गेला होता. दुसऱ्या दिवशी मी हाच उद्योग कारखान्याच्या कार्यालयात केला, जेथे आम्ही सगळे दिवसभर खुर्चीत असतो आणि चार वाजता भजी मागवतो. तेथे २३.६ आकडा घेऊन मी खालच्या निम्म्यात निघालो. साहेबांनी तर मला “बारीक आहेस, खात जा” असा सल्लाही दिला.

तीन रांगा आणि तीन जागा. शरीर मात्र तेच. देशाच्या पातळीवरही हेच दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे १६ टक्के १८.५ च्या खाली आणि सुमारे २३ टक्के २५ किंवा त्यावर होते. म्हणजे भारतीय पुरुषांच्या त्या रांगेत १८.५ ची रेषा सोळाव्या पर्सेंटाइलवर पडते, तर अमेरिकेच्या विशीतील रांगेत ती पाचव्याच्याही खाली आहे. वयोगट वेगळे असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण कल देणारी नक्कीच आहे. स्वतःच्या देशाची रांग घेतली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. निम्मा गाव उपाशी असेल तर मधोमध उभा असलेला माणूस निरोगी ठरत नाही, आणि निम्मा गाव सुटलेला असेल तरीही ठरत नाही.

मैदानावरची वही पाहून डॉक्टरांनी दोघांनाही एकदम बोलावले आणि कंबर मोजली. ही मोजणी मी पहिल्यांदाच नीट पाहिली. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण केली, टेप जमिनीला समांतर धरली, आणि श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता, आकडा वाचला. पँटचा नंबर येथे कामाचा नाही. माझी पँट ३४ ची आहे, कारण ती पोटाच्या खाली बसते. टेपने मोजलेली कंबर ९३ सेंटिमीटर, म्हणजे साडेछत्तीस इंचांहून जास्त निघाली. भावाची ७९ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही पोटाच्या लठ्ठपणाची रेषा मानली जाते. दुसरा सोपा ताळा असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १७१ च्या निम्मे साडेपंच्याऐंशी, भाऊ आरामात आत. १७४ चे निम्मे ८७, मी सहा सेंटिमीटर बाहेर. ज्याचे पर्सेंटाइल ६९ वर गेले म्हणून घरात चर्चा झाली तो ठीक होता, आणि ज्याला पर्सेंटाइलच नव्हते तो नव्हता.

डॉक्टरांनी तेव्हा एक छायाचित्र फोनवर दाखवले, जे वैद्यकातील लोकांना चांगले परिचयाचे आहे. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या छायाचित्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतील फरक कळत नाही, आणि ती चरबी पोटात यकृताभोवती साठली आहे की मांडीवर, हेही कळत नाही. याज्ञिक यांच्या पुण्याजवळील गावांतील अभ्यासात तर असे दिसले की आपल्याकडची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, जन्मत असूनही त्यांच्यातील चरबी त्या मानाने टिकून असते. कमी असतात ते स्नायू. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण जन्मापासूनची असेल, तर विशीतल्या भारतीय मुलाने परदेशी रांगेतील मधल्या जागेवर निर्धास्त राहणे कसे चालेल, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला.

वडिलांना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी दोघांच्याही रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. भावाची उपाशीपोटीची साखर ८८ आली. माझी १०४ आली आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी चाचणी, ५.८ टक्के, म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्याआधीची पायरी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, १५० च्या मर्यादेपलीकडे, १९० होते. जिममधील यंत्रावर उभे राहून शरीरातील चरबीची टक्केवारी काढून घ्यावी का, असे मी विचारले. ती यंत्रे शरीरातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात आणि पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही आकडा बदलतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नको, असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

भावाला त्यांनी वजन कमी करायला सांगितले नाही. त्याच्या उंचीला २३ चा बीएमआय म्हणजे सव्वासदुसष्ट किलो होतात, हा हिशेब मी करून नेला होता. तो पाहून ते म्हणाले, की धावणारा आणि जोर-बैठका काढणारा मुलगा दोन किलोने रेषेबाहेर असेल आणि कंबर, साखर, रक्तदाब जागेवर असतील, तर त्याने कंबरेवर लक्ष ठेवावे आणि आहे तसे चालू द्यावे. भरतीचा प्रश्नही त्यांनी एका वाक्यात मिटवला. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी पाच सेंटिमीटर एवढे पाहतात. अंग भरलेले दिसण्याला गुण नाहीत, १६०० मीटर धावण्याला आहेत. वजन वाढवण्याचा बेत तेथेच मागे पडला, आणि मग तो मला डब्यातून दोन उकडलेली अंडी मागू लागला ती स्नायूंसाठी, असे त्याचे म्हणणे आहे.

माझ्या चिठ्ठीवर त्यांनी बीएमआय लिहिलाच नाही. जेवणात भात निम्मा, कडक भाकरी आणि डाळ वाढवायची, चार वाजताची भजी बंद, रोज पाऊण तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, आणि लक्ष्य म्हणून एकच आकडा: कंबर ८७ सेंटिमीटरच्या आत. आता पहाटे भाऊ होम मैदानावर धावतो तेव्हा मी कडेने चालतो. गेल्या वेळी मोजली तेव्हा कंबर ९० भरली. वजन जेमतेम दीड किलोने उतरले असून बीएमआय २३.१ आहे. साखर आणि ट्रायग्लिसराइड दिवाळीनंतर पुन्हा पाहायचे ठरले आहे.